काठी नापास, बोट खेळाडूकडे



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांची सगळी नोकरी वजनमापे खात्यात गेली, हे इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहेच. तराजू खोटा निघाला की ते आधी दुकानदाराचं तोंड बघत नसत, तराजू उलटा करून बघत. पारड्याच्या तळाला मेण लावलेलं आहे की दांडीच्या टेकूची धार वापरून वापरून झिजली आहे? गिऱ्हाइकाला दोन्ही वेळा माल कमीच मिळतो, आणि दोन्ही तराजू जप्तच व्हायचे. पण पहिल्या दुकानदाराशी ते ज्या आवाजात बोलत, त्या आवाजात दुसऱ्याशी बोलत नसत. आजचा विषय मी त्यांच्या नजरेने बघणार आहे. विषय गोल्फचा आहे, त्याला इलाज नाही. येरवड्याच्या गोल्फ मैदानावरून आपण सगळे कधी ना कधी गेलो असू. कुंपणाच्या आत कितीजण गेलेत, हे मी विचारत नाही. खेळ येत नसला तरी आज अडणार नाही. मी धातुशास्त्र शिकवलेला माणूस आहे आणि मला या खेळात सगळ्यात जास्त रस आहे तो त्याच्या काठ्यांत.

मे २०२५. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरी, क्वेल हॉलो मैदानावर पीजीए चॅम्पियनशिप होती. रोरी मॅकिलरॉय महिन्यापूर्वीच मास्टर्स जिंकून आला होता आणि त्या विजयाने चारही मोठ्या स्पर्धा जिंकणाऱ्या मोजक्या खेळाडूंत जाऊन बसला होता. क्वेल हॉलो तर त्याचं घरचंच मैदान म्हणावं असं; तिथे तो आधी चार वेळा जिंकलेला. स्पर्धेच्या आधी काही खेळाडूंचे ड्रायव्हर तपासले गेले. ड्रायव्हर म्हणजे सर्वांत लांब पल्ल्याची, मोठ्या डोक्याची काठी. त्याचा ड्रायव्हर नापास झाला. त्याने दुसरा घेतला, नियमाने खेळला, चेंडू इकडेतिकडे गेले आणि तो पार मागे फेकला गेला. स्पर्धा चालू असतानाच तपासणीची बातमी फुटली. मॅकिलरॉय वार्ताहरांशी एक शब्द बोलला नाही. लोकांनी त्याचा अर्थ काढायचा तो काढला.

त्याच आठवड्यात आणखी एकाचा ड्रायव्हर नापास झाला होता, ते मात्र तेव्हा फुटलं नाही. तो होता स्कॉटी शेफलर, जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. त्यानेही काठी बदलली आणि पाच फटक्यांनी स्पर्धा जिंकली. जिंकल्यावर त्याने स्वतःच सांगितलं की आपला ड्रायव्हर नापास झाला होता. वर्षाहून अधिक काळ तोच वापरात होता, त्यामुळे हे आज ना उद्या होणार याची कल्पना होती, असंही म्हणाला. एकाच तपासणीत एकाच कारणाने नापास झालेले दोघे. एकावर आठवडाभर संशयाचं धुकं, दुसऱ्याच्या हातात चषक. दोघांत फरक इतकाच की एकाचं नाव बाहेर गेलं.

आता या दोघांनी नियम मोडला का? मुळीच नाही. २०१९ पासूनच्या नियमांनुसार बेकायदा काठी पिशवीत असणं हा गुन्हाच नाही; तिने फटका मारलात की स्पर्धेतून बाद. यांनी फटका मारलाच नाही. तरीही फसवेगिरीची कुजबूज झाली.

नापास म्हणजे नेमकं काय, हे समजल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ड्रायव्हरचं डोकं आतून पोकळ असतं आणि चेंडूला भिडणारा दर्शनी पत्रा पातळ असतो. चेंडू आदळला की पत्रा क्षणभर आत दबतो आणि उसळी मारून परत येतो. लाकडी डोक्यांच्या काळात हा प्रश्नच नव्हता. टायटॅनियम आलं, मोठी आणि पातळ डोकी बनवता येऊ लागली आणि पत्रा स्प्रिंगसारखा वागू लागला. १९९८ साली अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने, म्हणजे यूएसजीएने, या उसळीवर मर्यादा घातली. उसळीच्या गुणांकाची कमाल ०.८३. ढोबळमानाने सांगायचं तर १०० च्या वेगाने जवळ आलेल्या दोन वस्तू आदळल्यावर फार तर ८३ च्या वेगाने दूर जाव्यात.

ही मोजणी प्रयोगशाळेत ठीक होती. काठी मोडून, तोफेतून चेंडू सोडून करायची. स्पर्धेच्या मैदानावर ते कसं जमणार? म्हणून २००४ पासून लंबकाची चाचणी आली. एक लहानसा पोलादी गोळा लंबकासारखा सोडायचा, तो ड्रायव्हरच्या पत्र्यावर हलकेच आपटतो आणि पत्र्याला किती वेळ चिकटून राहिला ते मोजतात. पत्रा जितका लवचीक, तितका स्पर्श लांबतो. मर्यादा २३९ मायक्रोसेकंद, वर १८ ची सूट. एकूण २५७. एका सेकंदाचे दहा लाख भाग करा, त्यांतले २५७. काठी मोडत नाही, पेटीत घालून यंत्र कुठेही नेता येतं, काही मिनिटांत निकाल. चाचणी म्हणून मला हे यंत्र फार सुंदर वाटतं. साधेपणातलं असं शहाणपण अभियांत्रिकीत क्वचित दिसतं.

आता कारखानदार काय करतो? मर्यादा २५७ ची असेल तर तो २०० चा ड्रायव्हर विकणार नाही. शक्य तितकं रेषेला चिकटून बनवणार. तोही नियमातच आहे. मग ती काठी शेफलरसारख्याच्या हाती जाते. ताशी १९० किलोमीटरच्या आसपास वेगाने, सरावात आणि सामन्यात, हजारो वेळा ती चेंडूवर आदळते. पत्रा टायटॅनियमचा असो की कार्बनच्या थरांचा, दर आघाताने त्यात सूक्ष्म बदल होत राहतात आणि तो हळूहळू अधिक लवचीक होतो. एके दिवशी तो रेषा ओलांडतो. त्याच्या पुढचा टप्पा बहुधा तडा जाण्याचा असतो. म्हणजे सर्वांत बेकायदा ड्रायव्हर हा बऱ्याचदा मरणाच्या दारातला ड्रायव्हर असतो. खेळाडूच्या हाताला यातलं काहीही कळत नाही. कळण्याजोगा फायदाही नाही. दोनचार मायक्रोसेकंदांनी चेंडू किती पुढे जाणार? ही झाली झिजलेल्या टेकूची गोष्ट. मेण कुणी लावलेलं नाही.

गोल्फला आपल्या प्रामाणिकपणाचा फार अभिमान आहे आणि तो अगदीच पोकळ नाही. या खेळात प्रत्येकाच्या मागे पंच फिरत नाही. आपला दंड आपणच सांगायचा, अशी रीत. साहित्याच्या बाबतीत या रीतीची सर्वांत कडक परीक्षा कुणी दिली असेल तर जे. पी. हेज याने. हे नाव आपल्याकडे कुणी ऐकलेलं नसेल. २००८ साली टेक्सासमध्ये तो पात्रता फेरी खेळत होता. पुढच्या वर्षी मुख्य दौऱ्यावर, म्हणजे व्यावसायिकांच्या वर्षभराच्या स्पर्धामालिकेत, खेळायला मिळणार की नाही, हे त्या फेरीवर ठरायचं होतं. एका होलवर त्याच्या कॅडीने, म्हणजे पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाने, पिशवीतून भलताच चेंडू दिला. ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या हिरवळीवर, पोचल्यावर हेजच्या लक्षात आलं की सुरुवात केली त्या प्रकारचा हा चेंडू नाही. त्याने पंचाला बोलावलं, दोन फटक्यांचा दंड घेतला आणि पुढे खेळला. इथवर नेहमीचंच. नंतर हॉटेलच्या खोलीत त्याला शंका आली की तो चेंडू कंपनीने चाचणीसाठी दिलेला नमुना तर नव्हे, जो मंजूर यादीत नसतो? त्याने अधिकाऱ्यांना फोन केला. चेंडू यादीत नव्हता. हेज बाद झाला आणि वर्षाची पात्रता गेली. हे जगात कुणाला कधीही कळलं नसतं. त्याने कॅडीलाही दोष दिला नाही. चेंडू कोणता, ते बघणं माझं काम होतं, असं त्याचं म्हणणं होतं.

असे आणखी आहेत. २००५ साली डिस्नेच्या स्पर्धेत शेवटच्या दिवशी केविन स्टॅडलरला आपल्या वेजची, म्हणजे आखूड पल्ल्याच्या काठीची, दांडी वाकलेली दिसली. त्याने स्वतः अधिकाऱ्याला विचारलं आणि उत्तर मिळालं ते बाद होण्याचं. वाकड्या दांडीने कुणाचा खेळ सुधारला आहे का? पण नियमाला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. २०१९ च्या नियमावलीने तो नियम गेला. आता खेळताना खराब झालेल्या काठीने खेळता येतं. ज्युली इंक्स्टरची हकिकत तर आणखी विचित्र. २०१० साल, ओरेगन, वय पन्नास. दहाव्या टीवर, म्हणजे होल सुरू करण्याच्या जागी, अर्धा तास खोळंबा झाला, अंग आखडू नये म्हणून तिने काठीला वजनाचं कडं अडकवून हात मोकळे केले. दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्या एका प्रेक्षकाने कळवलं आणि ती बाद. त्या प्रेक्षकाबद्दल माझं मत मी इथे व्यासपीठावरून सांगणार नाही.

आणि इयन वूस्नम! २००१ सालची ब्रिटनची ओपन स्पर्धा, रॉयल लिदम मैदान, शेवटचा दिवस. लिदमचा पहिला होल आखूड, तिथे ड्रायव्हर लागत नाही. वूस्नमचा चेंडू पहिल्याच फटक्यात खळग्यात जाता जाता राहिला, बर्डी, म्हणजे ठरल्यापेक्षा एक फटका कमी, झाली आणि तो आघाडीला जाऊन भिडला. दुसऱ्या टीवर कॅडीने पिशवीत हात घातला तर दोन ड्रायव्हर. सकाळी सरावात दोन्ही वापरून पाहिले होते, एक काढायचा राहिला. चौदाच्या ऐवजी पंधरा काठ्या. दोन फटक्यांचा दंड. वूस्नमने टोपी काढली, जादा ड्रायव्हर झुडपात भिरकावला. तरी तो बरोबरीत तिसरा आला, हे विशेष. कॅडीला त्याने त्या दिवशी काढलं नाही. पंधरवड्याने झोपेमुळे उशीर झाला तेव्हा काढलं.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. चूक डोळ्यांनी दिसणारी होती. चेंडूवरचं नाव वाचता येतं, वाकलेली दांडी दिसते, पंधरापर्यंत मोजता येतं. दिसणाऱ्या चुकीपुढे प्रामाणिक माणूस आपला प्रामाणिकपणा सिद्ध करू शकतो. २५८ मायक्रोसेकंदांपुढे हेजने काय केलं असतं? त्याच्या नैतिकतेला धरायला काही उरतच नाही. गोल्फ अजून जुन्या भाषेत बोलतो आणि त्याच्या काठ्या मात्र प्रयोगशाळेत गेल्या आहेत. माझ्या मते गोंधळाचं मूळ इथे आहे.

आता थोडं इतिहासात. रेषा कोण आखतं आणि ती कशी सरकते, हे बघितलं की बेकायदा काठीबद्दलचा आपला आवेश जरा उतरतो. चौदा काठ्यांचा नियमच घ्या. तो अमेरिकेत १९३८ चा, ब्रिटनमध्ये १९३९ चा. त्याआधी हव्या तितक्या बाळगा. चिक एव्हन्सने १९१६ ची यूएस ओपन सात काठ्यांनी जिंकली होती. पुढे लॉसन लिट्ल वीसहून अधिक घेऊन हिंडायचा आणि जिंकायचा. पिशवी वाहणाऱ्या पोराच्या खांद्याचा विचार करून नियम केला असं कुणी म्हणालं तर मला आवडेल, पण तसं म्हणायला आधार नाही.

१९०४ साली वॉल्टर ट्रॅव्हिस हा अमेरिकी खेळाडू इंग्लंडात सँडविचला ब्रिटिश हौशी विजेतेपद जिंकून गेला, तेही चेंडू खळग्यात ढकलण्याच्या एका विचित्र काठीने, पटरने, ज्याची दांडी डोक्याच्या कडेला न बसवता मधोमध बसवलेली होती. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावच्या, जनरल इलेक्ट्रिकमधल्या एका अभियंत्याची ती करामत. काही वर्षांनी सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए या नियम ठरवणाऱ्या संस्थेने तसल्या पटरवर बंदी घातली. अमेरिकेने घातली नाही. सुमारे चार दशकं एकच पटर अटलांटिकच्या एका काठावर गुन्हेगार आणि दुसऱ्या काठावर सभ्य गृहस्थ होता. दोन्ही संस्थांचे नियम १९५२ मध्ये एक झाले, तेव्हा कुठे त्याची सुटका झाली. त्याच सँडविचला लागून असलेल्या प्रिन्सेस मैदानावर १९३२ ची ओपन झाली. जीन सॅराझेनने वाळूच्या खड्ड्यातून चेंडू काढायला तळाशी डाग देऊन जाड केलेली नवी वेज आणली होती. सरावाच्या वेळी ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या नजरेला पडून ती आधीच बंद होऊ नये म्हणून आपण ती पिशवीत उलटी, डोकं खाली करून ठेवायचो, असं तो स्वतः सांगत असे. काठी नियमात बसणारी होती, वागणं मात्र चोरासारखं! तो जिंकला आणि आज सँड वेज नसलेली पिशवी शोधून सापडणार नाही.

या इतिहासातलं माझं आवडतं पात्र कार्स्टन सोलहाइम. जन्माने नॉर्वेचा, हाही जनरल इलेक्ट्रिकचाच अभियंता, पिंग कंपनीचा संस्थापक. काठीच्या दर्शनी भागावर आडव्या खाचा असतात. ओल्या गवतातही चेंडूला फिरकी मिळावी म्हणून. पूर्वी त्या व्ही आकाराच्या असत. १९८४ मध्ये यूएसजीएने यू आकाराच्या खाचांना परवानगी दिली. सोलहाइमने आपल्या आय टू नावाच्या आयर्न काठ्यांना तशा खाचा पाडल्या. त्यांच्या धारेने चेंडूची साल निघू लागली, म्हणून त्याने कडा जरा गोल केल्या. आता गोल कडेच्या खाचेची रुंदी कुठून कुठपर्यंत मोजायची? एका पद्धतीने मोजलं तर दोन खाचांतलं अंतर नियमात, दुसऱ्या पद्धतीने मोजलं तर इंचाच्या काही सहस्रांशांनी कमी. १९८७ मध्ये संघटनेने काठी बेकायदा ठरवली. सोलहाइम म्हणाला, मोजण्याची रीत तुम्ही मागाहून बदललीत. प्रकरण कोर्टात गेलं. १९९० मध्ये यूएसजीएशी तडजोड झाली: आधी बनलेल्या काठ्या कायदेशीर राहतील. व्यावसायिक दौऱ्याशी भांडण १९९३ पर्यंत चाललं. गिरणीत मायक्रोमीटर धरलेल्या कुणालाही हे भांडण हास्यास्पद वाटणार नाही. गोल कडा कुठे संपते, हा खरोखर अवघड प्रश्न आहे.

त्या तडजोडीचं भूत वीस वर्षांनी उठलं. २०१० मध्ये खाचांचे नियम कडक झाले. पण जुनी आय टू वेज तडजोडीमुळे नव्या नियमाच्या वर होती. फिल मिकलसनने ती बाहेर काढली आणि सॅन डिएगोच्या स्पर्धेत वापरली. दुसरा एक खेळाडू, स्कॉट मॅकॅरन, याने सरळ फसवणूक हा शब्द वापरला आणि नंतर माफी मागितली. मिकलसनची बाजू कायद्याने शंभर टक्के बरोबर होती. मला मात्र ती काठी बाहेर काढण्यात खोडसाळपणा वाटतो. नियमाचा हेतू त्याला पूर्ण ठाऊक होता. कायदेशीर वस्तू आणि वाकडा हेतू अशी जोडी हवी असेल तर ती इथे आहे. अखेर पिंगनेच आपला हक्क सोडला आणि त्या वसंतात प्रकरण मिटलं.

हेतूचं बोलतो आहोत तर आर्नल्ड पामरला टाळता येत नाही. २००० साली कॅलवे कंपनीने ईआरसी टू नावाचा ड्रायव्हर अमेरिकेत विकायला आणला, उसळीच्या मर्यादेबाहेरचा, उघडउघड. आणि शेजारी उभा कोण? पामर, गोल्फचा सर्वांत लाडका माणूस, यूएसजीएच्या सदस्य मोहिमेचा वर्षानुवर्षांचा चेहरा. त्याचं म्हणणं असं की स्पर्धेत नको, पण रविवारी मित्रांबरोबर मजेसाठी खेळणाऱ्याला काय हरकत आहे? केवढं वादळ उठलं! गंमत म्हणजे ब्रिटनमध्ये तोच ड्रायव्हर चालत होता, कारण आर अँड ए ने तेव्हा मर्यादाच घातली नव्हती. २००२ मध्ये दोन्ही संस्था हौशी खेळाडूंसाठी ०.८६ पर्यंत ढिलाई द्यायला निघाल्या आणि काही महिन्यांत मागे फिरल्या. २००८ पासून सगळीकडे एकच रेषा. मला पामरचं पटतं, अर्धं. रविवारच्या माणसाने काय वापरावं याची चौकशी कुणी करू नये. पण त्याने त्या ड्रायव्हरने काढलेला आकडा क्लबच्या हँडिकॅपसाठी, म्हणजे खेळाची पत ठरवणाऱ्या नोंदीसाठी, देऊ नये. मजा आणि नोंद या दोन वेगळ्या वह्या आहेत.

खरं तर साहित्याच्या नियमांचा हा सगळा पसारा ज्यांना विकत घेता येतं त्यांच्यासाठी आहे. चेंबूरच्या गोल्फ मैदानावरच्या कॅडींनी आपल्या वस्तीच्या गल्ल्यांत लोखंडी सळ्या वाकवून काठ्या केल्या, प्लॅस्टिकचे चेंडू घेतले आणि आपला खेळ मांडला. परदेशी छायाचित्रकार त्याची चित्रं टिपून गेले. त्यातली एकही काठी कुठल्याही यादीत बसणार नाही. पण तिथे सगळ्यांच्याच काठ्या सळईच्या, त्यामुळे वादही नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. २०१९ ची ओपन उत्तर आयर्लंडमध्ये रॉयल पोर्टरशला होती. आर अँड ए ने ३० खेळाडूंचे ड्रायव्हर तपासायला निवडले. झँडर शॉफलीचा नापास झाला. तोही काठी बदलून खेळला. बातमी खेळाडूंमध्ये पसरली, एकाने थट्टेत त्याला फसव्या म्हटलं आणि शॉफली भडकला. त्याचा राग तपासणीवर नव्हता. मैदानात १५६ जण आहेत, तपासलेत ३०. उरलेल्या १२६ जणांच्या ड्रायव्हरचं काय, असा त्याचा सवाल होता. त्यानंतर काही महिन्यांत अमेरिकी दौऱ्यानेही चाचण्या सुरू केल्या, पण निवडकच. सहा वर्षांनी क्वेल हॉलोला शेफलरनेही त्याच सुरात म्हटलं: तपासायचं तर नीट तपासा, कडक तपासा.

संघटनांची बाजू अशी की निकाल गुप्त ठेवतो ते खेळाडूची अब्रू राखण्यासाठी. मला हे उलटं वाटतं. गुप्ततेमुळेच नापास ड्रायव्हर ही भानगड झाली. गुपित फुटतं तेव्हा एकाचंच फुटतं, आणि ज्याचं फुटलं तो गुन्हेगार दिसतो. मॅकिलरॉय आणि शेफलर यांचं उदाहरण त्याहून स्पष्ट असूच शकत नाही. सोमवारी-मंगळवारी स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येकाचा ड्रायव्हर लंबकाखाली घाला आणि पास असो वा नापास, प्रत्येक नावापुढचा आकडा भिंतीवर लावा. २५१, २५५, २५९. ज्याच्या नावापुढे २५९ असेल त्याच्याकडे कुणी वळूनही बघणार नाही, कारण पुढच्या आठवड्यात आपलाही तसाच येणार हे शेजाऱ्याला कळलेलं असेल. कंपन्यांची दुरुस्तीची गाडी मैदानाशेजारी उभी असतेच. नवं डोकं बसवायला कितीसा वेळ लागतो. आणि एखाद्याचा आकडा दर वेळी, नव्या काठीसकट, रेषेच्या बराच पलीकडे येऊ लागला तर पारड्याखाली मेण कुणी लावलं ते शोधायला कुणाची आडकाठी नाही. तेव्हा चौकशी माणसाची करा, आणि ती जोरात करा.

खर्चाचा आणि वेळेचा आक्षेप येईल. कोट्यवधी डॉलरची बक्षिसं असणाऱ्या स्पर्धेत १५६ काठ्यांवर पोलादी गोळा आपटायला माणसं आणि दोन-चार यंत्रं मिळत नाहीत, हे मला कुणी समजावून सांगितलं तर मी ऐकायला तयार आहे. आपले प्रश्न असतील तर घेऊ या. चिठ्ठ्या पुढच्या रांगेत द्याव्यात.